‘म्हैसमाळला आहे काय?’

हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा ऐकलंय, की आता कुणी ते पूर्ण करायच्या आतच माझं डोकं तापायला लागतं. म्हणणारा बहुतेक वेळा पुण्यात नाहीतर मुंबईत राहणारा, मूळचा मराठवाड्याचा, हातात गाडीची चावी. ‘म्हैसमाळला आहे काय? एक टॉवर, एक देऊळ आणि चार पॉइंट. त्यापेक्षा चिखलदरा गाठा. नाहीतर सरळ महाबळेश्वर.’ झालं. दोन वाक्यांत एका डोंगराचा निकाल लागतो आणि गावाकडचा बिचारा माणूस मान डोलावून गप्प बसतो. जात मात्र कुठंच नाही.

आज त्या गप्प बसणाऱ्या माणसाच्या बाजूनं लिहायचंय.

आधी भूगोल, कारण पुण्यातल्या वाचकांना पालम कुठं आहे ते सांगावंच लागतं. परभणी जिल्ह्यातला गोदावरीकाठचा तालुका. गंगाखेडहून लोह्याकडं, म्हणजे पुढं नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. रेल्वे नाही, जवळचं स्टेशन गंगाखेड. काळी जमीन, सोयाबीन, कापूस, तूर. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या खाली यायचं नाव घेत नाही. गंमत म्हणजे थंडीत हाच जिल्हा भल्याभल्या हिल स्टेशनांना लाजवतो. डिसेंबर २०१८ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठात किमान तापमान २ अंशांपर्यंत उतरलं होतं. म्हणजे ‘थंड हवेचं ठिकाण’ आम्हाला डिसेंबरात घरबसल्या मिळतं. नको तेव्हा! :-)

तर, पालमच्या माणसाला वर्षातून एकदा बायकापोरांना घेऊन, देवदर्शनाचं निमित्त न काढता, नुसतं ‘फिरायला’ जायचं असेल तर कुठं जावं? माहूर आहे, औंढा नागनाथ आहे, पण ती यात्रा झाली. डोंगर, धुकं, गार वारा, पोरांना पळायला जागा असा हिशोब धरला तर यादीत दोनच नावं उरतात. खुलताबादजवळचं म्हैसमाळ आणि अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा. दोन्ही लहान. एकाला ‘मराठवाड्याचं महाबळेश्वर’ म्हणतात, दुसऱ्याला ‘विदर्भाचं नंदनवन’. दोन्ही विशेषणांवर माझा राग आहे. तो पुढं येईलच.

कागदावर चिखलदरा जिंकतं

हे आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे चिखलदरावाले भांडायला येणार नाहीत.

चिखलदरा सातपुड्याच्या रांगेत, अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन तिथं पोचला आणि इंग्रजांना जागा आवडली, अशी त्याची नोंद सांगतात. आपल्या लोकांना ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं, ती कीचकदरा, तीच चिखलदरा, अशी कथा आहे आणि भीमकुंड आजही दाखवतात. शेजारी गाविलगड. बहामनी सुलतानाच्या काळातला किल्ला. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. भोवती मेळघाटचं जंगल. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. महाराष्ट्रात कॉफीचे मळे बघायचे तर चिखलदऱ्यालाच जावं लागतं. कोरकू लोकांची वस्ती, त्यांची भाषा, सेमाडोहकडं जाणारा जंगलातला रस्ता... आठवडा घालवला तरी कमी पडेल.

आता म्हैसमाळ. उंची चिखलदऱ्यापेक्षा थोडी कमी, हजार मीटरच्या अलीकडं-पलीकडं धरा. पठार, पठाराच्या कडेला दऱ्या, गिरिजादेवीचं देऊळ, बालाजीचं देऊळ, दूरदर्शनचा मनोरा. पावसात गवत, धुकं, आणि पाऊस सरता सरता रानफुलं. बस्स. यादी संपली.

म्हणजे दोन कॉलम काढून पॉइंट मोजले तर सामना एकतर्फी आहे. आणि नेमकं हेच आपण करतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले तर जास्तच. लॅपटॉप घेतानासुद्धा कोष्टक काढायचं, कुणाची रॅम जास्त, कुणाची बॅटरी जास्त. ज्याच्या कॉलमात जास्त टिक, तो जिंकला. पण वापरणारा कोण, त्याला काय करायचंय, हा कॉलम कोष्टकात कुठं असतो? नसतोच. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट न विचारता कोड लिहायला बसणं म्हणतात. असं केलेलं काम परत येतं, आणि येताना क्लायंटच्या शिव्या सोबत आणतं.

म्हणून आधी रिक्वायरमेंट.

घरी म्हैस आहे

माझा चुलतभाऊ पालमला असतो. शेती, दोन म्हशी, दोन पोरं, म्हातारी आई. त्याचा फोन येतो. ‘दादा, पोरं लई मागं लागलीत. दोन दिवस कुठं जावं?’ मी विचारतो, दोनच का? चार दिवस काढ की. तो हसतो. ‘धार कोण काढंल?’

विषय संपला. सगळ्या कोष्टकापेक्षा हा एक प्रश्न मोठा आहे. शेजारी एक दिवस धार काढून देतो, दुसऱ्या दिवशीही काढतो. तिसऱ्या दिवशी त्याच्याही घरी काम निघतं. आणि अनोळखी हात लागला की म्हैस पान्हा चोरते, दूध कमी होतं ते पुढं आठवडाभर भोवतं. तेव्हा आमची रिक्वायरमेंट अशी: घराबाहेर एक रात्र. फार ओढून ताणून दोन. स्वतःची चारचाकी नाही. सोबत म्हातारं माणूस. मोजका पैसा.

आता रस्ता मोजा.

म्हैसमाळ: पालमहून परभणी सत्तरएक किलोमीटर, एसटीनं दोन तास धरा. परभणीहून छत्रपती संभाजीनगर रेल्वेनं पावणेदोनशे किलोमीटर, मराठवाडा नाहीतर तपोवन एक्स्प्रेस मिळाली तर साडेतीन तासांच्या आसपास. तिथून खुलताबाद-वेरूळला बसनं तासभर. पहाटे निघालेलं कुटुंब दुपारी वेरूळला हातपाय धुऊन जेवायला बसू शकतं. म्हैसमाळ तिथून वर, खुलताबादपासून बाराएक किलोमीटर.

चिखलदरा: पालमहून परभणी, परभणीहून पूर्णामार्गे हिंगोली, वाशिम, अकोला. हा पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला म्हणून निदान गाड्या तरी बऱ्या आहेत. पुढं अकोल्याहून परतवाडा, आणि परतवाड्याहून घाट. चारशे किलोमीटरच्या घरातला प्रवास, चार ठिकाणी गाडी बदलायची. सकाळी निघालेला माणूस अंधार पडायच्या आत पोचला तर नशीब. म्हणजे जाण्याचा दिवस गेला, येण्याचा दिवस गेला. बघायला एक दिवस काढला तरी बाहेर दोन रात्री झाल्या. आणि गाविलगड, मेळघाट, सेमाडोह हे सगळं त्या एका दिवसात कोंबायचं. म्हातारीला कुठं बसवायचं? घाटात पोराला उलटी झाली तर?

चिखलदरा वाईट नाही, चिखलदरा मोठ्या सुट्टीचं ठिकाण आहे. ज्याच्याकडं चार दिवस आणि गाडी आहे त्यानं जरूर जावं, आणि एका दिवसात पॉइंट उरकून परत येऊ नये. पण ज्याच्या घरी म्हैस आहे त्यानं म्हैसमाळला जावं. नाव उगाच पडलं नसावं!

मे महिन्याची थाप

दुसरी रिक्वायरमेंट ऋतूची. आपल्याकडं ‘उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी’ जायची इंग्रजांनी लावलेली सवय आहे. साहेबाला सिमल्याला, उटीला जाणं परवडायचं. आपण गणित करू. उंचीनं हवा गार होते ती साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंश. परभणी चारशे मीटरवर, पालमही तेवढंच समजा. म्हैसमाळ त्याहून पाचशे-सहाशे मीटर वर. म्हणजे फरक साडेतीन-चार अंश. चिखलदऱ्याला साडेचार. पालमला ४३ असेल तर म्हैसमाळला ३९ आणि चिखलदऱ्याला ३८. यासाठी एवढा प्रवास? त्यापेक्षा पाणी मारलेल्या कूलरसमोर बसा!

मेमध्ये म्हैसमाळला गेलेला माणूस बघतो काय? वाळकं गवत, रखरखीत पठार, पत्र्याच्या टपरीत कोमट पेप्सी. मग तो घरी येऊन सांगतो, ‘म्हैसमाळला आहे काय?’ बरोबरच आहे त्याचं. आंब्याच्या झाडाखाली दिवाळीत गेलास आणि म्हणतोस आंबा नाही!

हेच पठार ऑगस्टमध्ये बघा. ढग अंगावरून जातात. दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही. ज्या पोरानं ढग फक्त वर मान करून बघितलेत, आणि तेही ‘येतो का नाही’ या काळजीनं, त्याला ढगात उभं करा. त्याला कुठलाही पॉइंट लागत नाही. त्याला कीचकही लागत नाही आणि वेलिंग्टनही लागत नाही.

‘पण ऑगस्टात शेतकऱ्याला सवड कुठली?’ हा प्रश्न येणारच. अर्धा खरा आहे. पेरणी, कोळपणी, खुरपणी, फवारणी ही कामं एकापाठोपाठ येतात. पण सोयाबीन भरायला लागल्यापासून काढणीपर्यंत एक फट असते. पोळ्याच्या आगेमागे म्हणा. दोन दिवस निघतात. आणि इथं शेतकऱ्याकडं एक अशी चीज आहे जी माझ्यासारख्या पगारी माणसाकडं नाही. त्याच्याकडं बुधवार आहे.

हसू नका. आम्ही सगळे शनिवार-रविवारचे कैदी. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली की अख्खं संभाजीनगर म्हैसमाळच्या रस्त्यावर असतं. हॉर्न, हुल्लडबाजी, स्पीकर, कचरा. त्या दिवशी म्हैसमाळ बघणं म्हणजे गर्दीत नवरदेव बघणं. शेतकरी बुधवारी जाऊ शकतो. मंगळवार का नाही? मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून बुधवार. पोरांची एक दिवस शाळा बुडेल. बुडू द्या. कैलास लेणं बघण्यात जी शाळा आहे ती एका दिवसाच्या हजेरीपेक्षा मोठी आहे. एकच खडक वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ! पंधरा वर्षांखालच्या पोरांना लेण्यांचं तिकीटही नाही.

आणि खर्चाचं म्हणाल तर एसटीनं २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिलाय आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. माझी काकू आणि भावजय या दोघींनी आजवर या सवलतीचा उपयोग माहेर, लग्न आणि दवाखाना यांपलीकडं केलेला नाही. सवलत फिरायलाही चालते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

लहान ठिकाण मोठं करायचा रोग

आता त्या विशेषणाकडं येतो. ‘मराठवाड्याचं महाबळेश्वर’.

या एका शब्दानं म्हैसमाळचं जेवढं नुकसान केलंय तेवढं दुष्काळानंही केलं नसेल. कारण एकदा महाबळेश्वरशी तुलना लावली की म्हैसमाळ कायम नापास. वेण्णा तलाव नाही, स्ट्रॉबेरी नाही, मॅप्रो नाही. मग पुढारी आणि अधिकारी म्हणतात, नाही ना, मग आणू! आराखडे निघतात. म्हैसमाळ, वेरूळ, खुलताबाद, शूलिभंजन असा एकत्रित विकास आराखडा कागदावर येऊन वर्षं झाली. तिकडं चिखलदऱ्यात सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं, आणि ४०७ मीटरच्या काचेच्या स्कायवॉकचं काम काढलं. ते जंगलाच्या आणि वन्यजीवांच्या परवानग्यांत अडकून वर्षानुवर्षं बातम्यांत राहिलं. म्हणजे ज्या दरीचं सौंदर्य कड्यावर उभं राहून फुकट दिसतं, ती बघायला काच आणि तिकीट.

आमच्याकडं याला स्कोप क्रीप म्हणतात. एक छोटं, धड चालणारं प्रोग्राम असतं. कुणीतरी म्हणतं, यात हेही घाला, तेही घाला. दोन वर्षांनी ते ना धड पहिलं काम करतं ना नवीन. आणि ते उघडायलाच पाच मिनिटं लागतात.

महाबळेश्वराचं काय झालं ते बघा. केंद्र सरकारला २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करावा लागला. माथेरानला २००३ मध्ये. आणि साताऱ्याच्या कास पठाराला २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली तेव्हा आपण फुलं तुडवायला एवढ्या संख्येनं गेलो की दिवसाला किती माणसं सोडायची याची मर्यादा घालून आधी बुकिंग करायची वेळ आली. म्हणजे मोठं होणं ही बक्षिसी नाही, आजार आहे. ज्याला झाला तो आवरता आवरता थकला. आणि आपण ज्याला झाला नाही त्याला तो मुद्दाम लावायला निघालोय.

मग म्हैसमाळला काहीच करू नये का? करावं की! खुलताबादहून वर जायला दिवसातून ठरलेल्या वेळेला चार बस असाव्यात. आज ज्याच्याकडं गाडी नाही त्याला रिक्षा नाहीतर जीप ठरवावी लागते, आणि सगळी बचत तिथं उडते. स्वच्छ संडास असावेत, बायकांचे वेगळे, पाण्यासकट. प्यायचं पाणी असावं. म्हाताऱ्यांना बसायला छप्पर असावं, कारण पाऊस आला तर काकू उभी कुठं राहणार? दरीच्या काठाला जिथं लागेल तिथं कठडा असावा. कचरा खाली नेणारी एक गाडी असावी. याला काचेचा पूल बांधण्याइतका पैसा लागत नाही. पण याचं उद्घाटन करून फोटो काढता येत नाही ना! संडासाची फीत कापायला कोण येणार?

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. लहान ठिकाण मोठं करू नका, चांगलं करा.

बर्फातली हीच भानगड

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. आमच्या टीममध्ये एक सहकारी अमेरिकेत, व्हरमाँटकडचा आहे. तिकडं डिसेंबर-जानेवारीत घराघरांत चालणारा वाद म्हणजे, या रविवारी पोरांना स्कीइंगला कुठल्या टेकडीवर न्यायचं? मोठी नावाजलेली रिसॉर्ट नव्हेत, जवळच्या दोन लहान टेकड्या. एकीवर उतार जास्त, दुसरी घरापासून वीस मिनिटांवर. त्याचं बोलणं ऐकताना मला वाटलं, अरे, हा तर आमचा म्हैसमाळ-चिखलदरा!

तिकडं या लहान टेकड्यांचा इतिहास मोठा आहे. १९३४ मध्ये व्हरमाँटच्या वुडस्टॉक गावात एका उतारावर मोटारगाडीच्या इंजिनावर दोर फिरवला आणि त्याला धरून लोक वर जायला लागले. अमेरिकेतला हा पहिला रोप टो. मग गावोगावी शेतांच्या उतारांवर असे दोर लागले. शेतकऱ्याचा उतार, जुनं इंजिन, गावची पोरं. १९८२-८३ च्या सुमारासही देशभरात सातशेहून जास्त स्की एरिया चालू होत्या. आता पाचशेही नाहीत. कारणं बरीच आहेत. हिवाळे ऊबदार झाले, कृत्रिम बर्फाची यंत्रं महाग, पाळण्यांची देखभाल आणि विम्याचा खर्च वाढला. आणि एक कारण असं, की लोक लहान टेकडीच्या समोरून गाडी हाकत मोठ्या रिसॉर्टला जायला लागले. ‘या टेकडीला आहे काय?’ वाक्य तेच, भाषा वेगळी.

परिणाम काय झाला? मोठ्या रिसॉर्टच्या खिडकीवर एका दिवसाचं तिकीट तीनशे डॉलरच्या वर जायला लागलं. ज्या टेकडीवर शेतकऱ्याचं, मास्तरचं पोरगं स्कीइंग शिकायचं ती टेकडी गेली, आणि खेळ पैसेवाल्यांचा झाला. लहान ठिकाण मेलं की फक्त ते ठिकाण मरत नाही. ज्याला फक्त तेवढंच परवडत होतं, त्याची सुट्टी मरते.

याला उलटं उदाहरणही तिथलंच आहे. मॅड रिव्हर ग्लेन नावाची व्हरमाँटमधली टेकडी. १९९५ मध्ये तिथं येणाऱ्या लोकांनीच सहकारी संस्था काढून ती विकत घेतली. एका वेळी एकच माणूस बसेल असा १९४८ चा जुना पाळणा होता. २००७ मध्ये त्याची दुरुस्ती करायची वेळ आली तेव्हा त्यांनी जास्त माणसं वाहणारा नवा पाळणा लावला नाही, तोच एकेरी पाळणा नव्यानं उभा केला. का? एकेरी पाळण्यानं वर माणसं कमी जातात, आणि उतारावर गर्दी होत नाही. मोठं होता येत असताना ज्यांनी लहान राहायचं ठरवलं, त्यांची ही गोष्ट. सहकाराच्या गप्पा आपण मारतो, साखर कारखाने आपण काढले, आणि डोंगर सहकारानं वाचवला तो कुठं, तर व्हरमाँटमध्ये!

पुन्हा जाता येईल का?

आता मूळ मुद्दा. दोन लहान ठिकाणांतून एक निवडताना ‘कुठं जास्त बघण्यासारखं आहे?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. तो मोठ्या, आयुष्यात एकदा जायच्या ठिकाणांचा प्रश्न. काश्मीरला जाताना विचारा. लहान ठिकाणाला विचारायचा प्रश्न एकच: ‘इथं पुढच्या वर्षी पुन्हा येता येईल का?’

कारण लहान ठिकाण एका भेटीत काहीच देत नाही. ते सवयीनं वाढतं. पहिल्या वर्षी पोरगं धुक्यात पळतं. दुसऱ्या वर्षी त्याला दरीचा काठ ओळखीचा वाटतो. तिसऱ्या वर्षी ते धाकट्याला सांगतं, ‘हिकडून ये, तिकडं चिखल हाय.’ चौथ्या वर्षी चहावाला विचारतो, ‘परभणीकडचे ना तुम्ही?’ झालं. तो डोंगर तुमचा झाला. श्रीमंतांची लोणावळ्याला बंगल्यासह जी सुट्टी असते ती हीच, फक्त त्यांनी तिचे पैसे मोजलेले असतात. गरिबाला ती मोजकं तिकीट काढून, दरवर्षी एकदा जाऊन मिळू शकते. अट एकच, ठिकाण जवळ पाहिजे आणि ते मोठं झालेलं नको.

या परीक्षेत पालमच्या माणसासाठी म्हैसमाळ पास आहे आणि चिखलदरा नापास. अमरावती, अकोल्याच्या माणसासाठी निकाल बरोबर उलटा लागेल, आणि तो तसाच लागायला पाहिजे. परतवाड्याच्या माणसानं म्हैसमाळला कशाला यावं? प्रत्येकानं आपापला लहान डोंगर धरावा. ‘टॉप टेन’ याद्या आणि तारे देणारी संकेतस्थळं हे कधीच सांगू शकत नाहीत, कारण तुम्ही कुठून निघालात आणि तुमच्या घरी म्हैस आहे का, हे त्यांना माहीत नसतं.

आणि अजून जवळचं पाहिजे असेल तर आमच्याच तालुक्यात जांभूळबेट आहे. गोदावरीच्या पात्रातलं बेट, झाडी, मोर, मारुतीचं देऊळ. पालमच्या किती पोरांनी ते बघितलंय? ‘जांभूळबेटाला आहे काय?’ हेही वाक्य मी पालममध्येच ऐकलंय! तेव्हा दोष फक्त पुण्यामुंबईच्या गाडीवाल्यांचा नाही. आपल्या जवळचं ते फालतू, हे आपल्याला कुणीतरी नीट पढवून ठेवलंय.

तर भावाला मी सांगितलं ते इथंही लिहून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं. पोळ्याच्या आगेमागे एखादा बुधवार धर. सकाळच्या धारेची सोय आदल्या दिवशीच शेजाऱ्याला सांगून लाव आणि पहाटेची एसटी पकड. दुपारी वेरूळ, कैलास लेणं, घृष्णेश्वर. मुक्काम वेरूळ नाहीतर खुलताबाद. गुरुवारी सकाळी लवकर म्हैसमाळ, ढग उतरायच्या आत. सोबत भाकरी-ठेचा असू दे, आणि प्लास्टिक परत घेऊन ये. काकूला स्वेटर, पोरांना दुसरा कपड्यांचा जोड. दुपारी परत फिरलास तर रात्री उशिरा का होईना, घरी पोचशील. म्हशीला एक दिवसाचाच विरह.

आणि कुणी विचारलं, ‘म्हैसमाळला आहे काय?’ तर सांग, फार काही नाही. म्हणूनच पुढच्या वर्षी परत चाललोय.